माहेरच्या शिव्या

शेलगांग
ड्रॅगन वर्ष, नववा महिना, तिथी वीस

ति. सेल्दोनताईस,

धाकट्या ल्हेंदुपचे सा. दंडवत वि. वि. एकाच हाताने घातलेत असं समज, उजवा अजून कानाच्या वर जायला कुरकुरतो. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे काय म्हणतात? वांगडा ड्रायव्हरच्या ट्रकमधून लोण्याचं गाठोडं आणि याकच्या सुक्या चीजची एक माळ पाठवली आहे. लोणी आईला, चीज तुला. उलटं करू नकोस, तिला दात नाहीत.

गळ्याखालचं हाड जुळलं एकदाचं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने दाबून दाबून पाहिलं. जुळलंय म्हणाला, पण वाकडं जुळलंय, अक्रोडाएवढं टेंगूळ राहणार. यांगकी म्हणते घोचा झगा घातला की दिसत नाही. दिसण्याचं कुणाला पडलंय, ताई? वर्ष झालं मी धनुष्य ताणलेलं नाही. संघाने मला काय काम दिलंय ठाऊक आहे का? पलीकडच्या टोकाला नेमाच्या फळीपाशी उभं राहायचं, आपल्यातल्या कुणाचा बाण लागला की हात वर करून नाचायचं, आणि फळीखालची माती ढासळली की थापून काढायची. ज्याच्या बाणांवर वीस वर्षं दुसरे नाचले, तो आता दुसऱ्यांच्या बाणांवर नाचतोय, तोही एक हात वर करून. बसवत नाही की उभं राहवत नाही. चुलीपाशी बसलो तरी बोटं आपोआप दोरी धरल्यासारखी वाकतात आणि यांगकी पळी उगारते.

तर बातमी अशी. दहाव्या महिन्यात तुमच्या गावदेवाच्या उत्सवाला बेमखा विरुद्ध शेलगांग सामना ठरला आहे. आमचा म्होरक्या तांदिन, त्याच्या आठ दिवस मागे लागून मी तेरावा गडी म्हणून नाव घालून घेतलंय. तेरावा म्हणजे शेवटचा. असू दे. रांगेत तर आहे!

तेव्हा जीभ परजून ठेव. मी नेम धरला की तुम्ही बेमखाच्या बायका बाजूला उभ्या राहून माझा जो उद्धार करता, तो वर्षभर कानावर पडला नाही. यंदा तर माल भरपूर आहे. सासरच्या छपराच्या फळ्या कुजू नयेत म्हणून उलटायला चढलो काय, घसरलो काय, आणि वर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या राशीसकट खाली आलो काय! चार दिवस डोळे उघडले नाहीत ते हाडामुळे नव्हे, मिरचीमुळे. गेल्या वर्षीची माझ्या नाकावरची गाणी शिळी झाली, आता नवीन कर. मीच दोन ओळी जुळवून पाहिल्या, पण मला तुझ्यासारखं नासकं सुचत नाही.

आईला साष्टांग. तुझा लोभ नेहमीसारखाच तिखट असू दे.

तुझा,
ल्हेंदुप

*

बेमखा
नववा महिना, तिथी सत्तावीस

चि. ल्हेंदुप यास,

ताईचे व आईचे अ. आ. माळ पोचली. आईने चीजचा एक तुकडा सकाळी तोंडात टाकला तो संध्याकाळपर्यंत चघळत होती आणि वर मलाच म्हणाली की दात नसले म्हणून काय झालं. गुडघे आहेत तसेच. बटाटे निघाले. रानडुकरांनी खालचं वावर नांगरून ठेवलं, तेवढी मेहनत वाचली म्हणायचं. तुझे दाजी गेल्यापासून डुकरांना माझा धाकच उरलेला नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आणि पस्तावले. तिने नवसच बोलून टाकला, पोर सामन्यातून धडधाकट घरी जाईपर्यंत अंडं खाणार नाही. अंडं म्हणजे तिचा जीव की प्राण, तुला माहीत आहे. तिचं म्हणणं असं की बाण मारला नाही म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही, आणि शेचाळिशीत माणसाने जपमाळ ओढावी, दोरी नव्हे. माझंही जरा तसंच आहे रे. अजून एक वर्ष थांबलास तर काय बिघडतं? मैदान काही पळून जात नाही. हाड पुन्हा मोडलं तर भात लावायला हात कुणाचा आणणार? यांगकीने एकटीने किती ओढायचं?

पण तू ऐकणाऱ्यातला नाहीस. लहानपणी मामांनी आपल्याला एकाच पाटीवर अक्षरं शिकवली. तू तुझी अर्धी पाटी गिरवून झाली की माझ्या अर्ध्या पाटीवर घुसायचास. तो हावरेपणा अजून गेलेला नाही. बघू. येशील तेव्हा तुझ्या नाकाला निदान रामराम घालूच.

थंडी पडायला लागली, खांद्याला गरम तूप चोळत जा. पत्राचा कंटाळा करू नकोस, माझा तर मुळीच करू नकोस.

तुझी,
सेल्दोनताई

*

शेलगांग
दहावा महिना, तिथी तीन

ति. सेल्दोनताईंस,

यांगकीचा सा. न. हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. वांगडा तोंडाचा घट्ट आहे, म्हणून त्याच्या हाती दिलं.

ताई, हे तुम्हाला हाड जुळलं म्हणून लिहितात आणि पुढे थट्टा करतात. खरं काय ते मी सांगते. बाण पोचत नाही. मैदान एकशे ऐंशी पावलांचं, ह्यांचा बाण एकशे वीसला जमिनीत घुसतो. रोज गोठ्यामागे जाऊन बारा-पंधरा बाण मारतात, परत येतात ते ओठ पांढरे पडलेले. विचारलं तर म्हणतात छान चाललंय. परवा धनुष्याला दोरीच चढेना. मग इकडेतिकडे बघून मला बोलावलं आणि मी गुडघ्याने बांबू दाबून दोरी चढवली. बाईचा हात धनुष्याला लागू देत नाहीत हे काय मला ठाऊक नाही? पण ह्यांचा चेहरा बघवेना. कुणाला कळलं तर तांदिन धनुष्य धुरी देऊनसुद्धा मैदानात आणू देणार नाही.

गावात म्हणतात की ल्हेंदुपची ही शेवटची खेप. उत्सवात नीट झालं तर लोसारच्या, नव्या वर्षाच्या, मोठ्या सामन्यात घेतील, नाहीतर नाव कायमचं गेलं. हे दिवसभर एका जागी बसत नाहीत. जेवताना उठतात, अंगणात जातात, दार धरून उभे राहतात. बाण चुकला तर चुकला, पण त्यात तुमच्या बायकांनी चार लोकांत मिरच्या काढल्या, वाकडा खांदा काढला, तर हा माणूस मोडेल, ताई. मला हाड मोडण्याची भीती नाही, ह्याची आहे.

पदर पसरून मागते. तुमचा शब्द तिथे चालतो. एवढ्या एका सामन्यात ह्यांना काही बोलू नका, बोलू देऊ नका. मी मागितलं हे मात्र कधी सांगू नका.

आईंना नमस्कार. मायेत उणं पडू देऊ नये.

तुमची,
यांगकी

*

बेमखा
दहावा महिना, तिथी आठ

सौ. यांगकी हीस,

अ. आ. पत्र वाचून जाळलं, काळजी नको. काम झालं आहे. आधी ल्हामोला गाठलं. चावट भाग तीच म्हणते आणि तेवढ्यापुरती मी बहीण म्हणून कान झाकून घेते, हे तुला माहीतच आहे. ती म्हणाली, अगं मी मिरच्यांवर सात कडवी रचून ठेवली आहेत, त्यांचं काय लोणचं घालू? घाल म्हटलं. मग म्हाताऱ्या देमाआजीकडे गेले, तिच्या हाती विडा ठेवला. ती कबूल झाली की सगळा घोळका कबूल. पुरुषांनाही सांगितलं. आमचा म्होरक्या डोकं खाजवत म्हणाला की असं कधी झालेलं नाही, पण आजाऱ्याला सांभाळून घ्यायला काय जातं.

मी स्वतः त्या दिवशी चुलीपाशी थांबणार आहे. मैदानात गेले तर तोंड आवरणार नाही, आणि आवरलं तर त्याला संशय येईल.

तू धनुष्याला दोरी चढवलीस ह्यात पाप वगैरे काही नाही. मी असते तर बाणही मारला असता. त्याला पोटभर खायला घाल आणि तूही खा.

आपल्या दोघींतलं दोघींत राहो, माया वाढत राहो.

सेल्दोन

*

शेलगांग
दहावा महिना, तिथी एकोणीस

सेल्दोनताईस,

नमस्कार. खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही.

सामना संपल्यावर मी घरी आलो नाही, आईला भेटलो नाही, तुझ्या चुलीवरचं काही खाल्लं नाही. का, ते तुला कळलं असेलच. नसेल तर वाच.

बारा गड्यांचे बाण मारून झाले. त्या प्रत्येकाची तुमच्या लोकांनी यथास्थित पूजा केली. तांदिनच्या पोटावर गाणं झालं, त्याच्या भावाच्या टकलावर झालं. माझी पाळी आली. बाण मारायच्या पट्ट्यावर उभा राहिलो, बाण लावला, आणि वाट पाहिली. कान टवकारून वाट पाहिली, ताई! वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आता येईल म्हणून. आणि सगळं मैदान गप्प. तुमचं ते मैदान, जिथे पोरं रडतात, कुत्री भुंकतात, बायका एकमेकींच्या बोलण्यावर बोलतात, ते गप्प. देमाआजीने तर डोळे मिटून जपमाळ ओढायला घेतली. कुणीतरी मायेने म्हणालं, सावकाश रे बाबा, घाई नाही. घाई नाही! तिरंदाजाला!

बाण पन्नास पावलं आधीच पडला. मला वाटलं आता तरी हसतील. तर टाळ्या वाजवल्या. छान छान म्हणाले. तुमच्या म्होरक्याने मला बसायला सतरंजीची घडी आणून दिली. माझ्या आधी कुणाला दिली नव्हती, माझ्यानंतरही नाही. दुसऱ्या बाणालाही तेच. तिसरा मी मारलाच नाही.

जाताना ल्हामोला अडवून विचारलं. ती म्हणाली की सेल्दोनने घरोघर जाऊन सांगितलंय, तुला काही बोलायचं नाही म्हणून.

ताई, प्रेताला शिव्या देत नाहीत, आणि लामांना देत नाहीत. मी लामा नाही हे नक्की. लग्न करून मी बायकोच्या गावी आलो, त्याला वीस वर्षं झाली. आपल्याकडे सगळेच पुरुष जातात, त्यात नवल नाही. पण शेलगांगला मी अजून बेमखाचा पाहुणा आहे. बेमखाला मी शेलगांगचा तिरंदाज. मी तुमचा आहे हे मला कुठे कळायचं? त्या पट्ट्यावर. तिथे तुम्ही माझं नाक काढता, लहानपणी मी ओढ्यात बसून रडलो होतो ते काढता, गाईने मला शिंगावर घेतलं ते काढता. परक्याच्या नाकावर कुणी सात कडवी करत नाही. परक्याला सतरंजी देतात. तू मला सतरंजी दिलीस.

तांदिन म्हणतो, बेमखाने आपली कीव केली, आणि ती तुझ्यामुळे. लोसारच्या यादीत माझं नाव नाही. धनुष्य आढ्याला टांगलं.

एवढ्यात पत्र पाठवू नकोस. आईला नमस्कार सांग.

ल्हेंदुप

*

बेमखा
दहावा महिना, तिथी पंचवीस

चि. ल्हेंदुप यास,

अ. आ. पत्र पाठवू नकोस म्हणालास, म्हणून दुसऱ्याच दिवशी पाठवत नाही. चार दिवस थांबले, तेवढा तुझा मान ठेवला.

पहिली गोष्ट. तुझं पत्र वाचून मला तुझा इतका राग आला की दुधाचं भांडं उतू गेलं. उपाशीपोटी निघून गेलास! मी डुकराचं मांस मिरच्यांत शिजवलं होतं, लाल भात केला होता, आई दारात बसून होती. माझ्यावर रागावलास ना? मग मला बोलायचं. आईने काय घोडं मारलं होतं? ती बिचारी तिन्हीसांजेपर्यंत रस्त्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली की चला, पोर धडधाकट गेलं, आता एक अंडं उकड. आणि अंडं हातात घेऊन रडली.

दुसरी गोष्ट. चूक माझी. माझ्या एकटीची, दुसऱ्या कुणाची नाही, उगाच कुणावर संशय घेऊ नकोस. मी घाबरले. तू छपरावरून पडलास तेव्हा निरोप आला होता की ल्हेंदुप गेला. हो, तसाच आला होता. सांगणाऱ्याने घाईत सांगितलं. दुसरा माणूस येऊन हाड मोडलंय म्हणेपर्यंत अर्धा दिवस मी तुला गेलेला समजत होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आईला तर नाहीच. तो अर्धा दिवस माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. तुझ्यावर गाणं करायला बसले की शब्दच फुटेना. आणि मग मी बाकीच्यांचीही तोंडं बंद केली.

आईला सगळं सांगितलं. तिने मला जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, कागद जळेल. थोडक्यात, तिच्या पोराला तिच्या गावाने शिव्या दिल्या नाहीत ह्याची तिला तुझ्याइतकीच लाज वाटली. नवस बोलणारी हीच बाई बरं का! म्हणते, मी देवाला पोर सांभाळ म्हटलं होतं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

तेव्हा धनुष्य खाली काढ. लोसारला ये. तांदिनच्या पायावर डोकं ठेव, नाहीतर त्याच्या डोक्यावर पाय ठेव, पण ये. आला नाहीस तर मी समजेन की तू खरंच सतरंजीवर बसायच्या लायकीचा झालास. आलास, तर अशी धुलाई करीन की छपरावरचं पडणं तुला गादीवर पडल्यासारखं वाटेल.

रागावलास तरी लोभ तोड असं मी म्हटलेलं नाही.

सेल्दोनताई

*

शेलगांग
बारावा महिना, तिथी अठरा

ति. ताईस,

सा. न. वि. वि. दोन महिने पत्र लिहिलं नाही. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

त्या अर्ध्या दिवसाचं वाचलं आणि उठून अंगणात गेलो.

धनुष्य दुसऱ्याच दिवशी खाली काढलं. रोज सकाळी आधी दगडांची पिशवी दोरीने ओढतो, मग बाण. एकशे चाळीस पावलं झाली, मग एकशे साठ झाली, आणि तिथेच घोडं अडलं. शेवटची वीस पावलं निघत नाहीत. तांदिनकडे चार वेळा गेलो. त्याने चारही वेळा मला घरची आरा दारू पाजली आणि नाही म्हणाला.

आणि काल गंमत झाली. लोसारसाठी आमच्या ज्योतिषाने गणित मांडलं. म्हणाला, यंदा शेवटचा बाण मेंढीच्या वर्षी जन्मलेल्या माणसाच्या हातून सुटला पाहिजे, नाहीतर गावदेव तोंड फिरवेल. गावात मेंढीवाले तिघे. एक संत्र्यांचा माल घेऊन खाली सरहद्दीला गेलाय, दुसरा सत्तर वर्षांचा, त्याला फळी कुठल्या बाजूला आहे हे हाताला धरून दाखवावं लागतं. तिसरा मी. तांदिनचं तोंड बघायला हवं होतंस! तर मी आहे, ताई. बाण पोचतो म्हणून नव्हे, मेंढी म्हणून. चीड येते आणि हसूही येतं. अंगात काहीतरी सारखं धावत असतं, झोपलो तरी थांबत नाही.

सामना दोन दिवसांचा, तुमच्याच मैदानावर. रीत म्हणून चार दिवस आधीपासून आम्ही सगळे बायकांना सोडून एका घरात झोपणार, आणि सामना संपेपर्यंत बेमखाच्या कुणाशी बोलणार नाही. म्हणजे तुझ्याशीही नाही. तू मात्र बोलायला मोकळी आहेस. कबूल केलंयस, विसरू नकोस.

आईला दंडवत. आहे तोच लोभ राहो, मवाळ होऊ नये.

ल्हेंदुप

*

शेलगांग
साप वर्ष, पहिला महिना, तिथी बारा

ति. सेल्दोनताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि. खांदा सुजलाय, म्हणून अक्षर असं. यांगकी गरम तूप चोळते आहे आणि चोळता चोळता तिने मला पत्राचं सगळं सांगून टाकलं, कुणी कुणाला काय लिहिलं ते. तू सगळं स्वतःवर घेतलंस. मी तिला म्हटलं की तुम्ही दोघी मिळून मला जिवंत पुरणार होतात. ती म्हणाली, हो, पण मायेने.

सामन्यानंतर गर्दीत आपलं बोलणं झालंच नाही, आणि जे बोलायचंय ते मला समोरासमोर बोलता आलंही नसतं. म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी तुम्ही कसर ठेवली नाहीत. ल्हामोने मिरच्यांची सातही कडवी म्हटली. तुझे कान झाकलेले मी बघत होतो. देमाआजी म्हणाली की शेलगांगच्या छपरालासुद्धा हा जावई जड झाला. बाण दोन्ही वेळा आखूड पडला, तरी मी संध्याकाळी तांदिनच्या दुप्पट भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही हरलेलोच होतो. माझ्या शेवटच्या बाणाने कुणाचं काही होणार नव्हतं. तरी ज्योतिषाचा शब्द म्हणून मी पट्ट्यावर गेलो आणि तू घोळक्यातून पुढे आलीस.

तू सुरुवात झकास केलीस. म्हणालीस की आमच्या आईने हा नमुना शेलगांगला फुकट दिला, तरी ते परत करायला बघतायत. लोक हसले. मी दोरी ओढली. दोरी अर्ध्यावरच अडली. ते तू पाहिलंस. दहा पावलांवर होतीस, दिसणारच. आणि तू थांबलीस. तुझ्यामागच्या सगळ्या थांबल्या. ताई, मला वाटलं, झालं, परत तेच. मी दोरी सैल सोडली. बोलायचं नाही ही रीत मोडून ओरडलो की थांबलीस का, बोल ना!

तू बाहीने नाक पुसलंस. आणि फुटक्या आवाजात जे ओरडलीस, ते गाणंबिणं नव्हतं. म्हणालीस, पडायचंच होतं तर आपल्या छपरावरून पडायचं होतंस, मेल्या! वीस वर्षं आईचं छप्पर गळतंय, वीस वर्षं शेजारी येऊन फळ्या उलटतायत, आणि तू बायकोच्या छपरावर माकडासारखा चढतोस! तिथे कसला मरायला गेला होतास! तिथे मेला असतास तर मी तुला घरी कशी आणणार होते?

आधी कुणी हसलं नाही. मग आई, जिला दोघींनी धरून आणलं होतं, ती ओरडली की विचार त्याला, विचार! आणि मग अख्खं बेमखा सुटलं. ज्याला जे आठवेल ते. ओढा, गाय, नाक, छप्पर, बायको, सगळं एकदम. मला एक शब्द धड ऐकू येत नव्हता आणि सगळं ऐकू येत होतं. त्या गोंगाटात मी ओढलं. दुखलं. ओढलं तरी. सोडला.

पुढचं तू पाहिलंस. फळीला नाही लागला. फळीच्या डोक्यावरून गेला, पलीकडे उभे असलेले तुमचे गडी खाली बसले, आणि बाण मागच्या वावरात जाऊन पडला. दोनशे पावलं तरी असतील. चुकलेल्या बाणासाठी तुम्ही लोक कसे नाचलात! मी नाचलो नाही, हात वर जात नव्हता. पट्ट्यावर उभा राहिलो आणि तुम्ही शिव्या देत होता तोवर तिथून हललो नाही. तांदिन ओढून न्यायला आला तर त्यालाही थांब म्हटलं.

कंपाउंडर म्हणतो की पुन्हा असं ओढलंस तर हाडाची खात्री नाही. पुढच्या वर्षी बाण मारीन की फळीची माती थापीन, माहीत नाही. मला अजूनही एका जागी बसवत नाही. पण तू जे बोललीस ते खरं होतं, आणि मी ते वीस वर्षं ऐकलं नव्हतं. वीस वर्षांत मी चारशे बाण तुमच्या मैदानात टाकले आणि आईच्या छपरावर एकदाही चढलो नाही.

चौथ्या महिन्यात, पेरणीआधी, मी आईच्या छपराच्या फळ्या उलटायला येतोय. एका हाताने जेवढ्या होतील तेवढ्या. तू शिडी धर. वरून काही पडलं तर ते मीच असेन.

आणि एक मागणं आहे. हातात धनुष्य असो-नसो, मी मैदानात दिसलो की सुरू करायचं. मी म्हातारा होईन, काठी टेकत येईन, तरी सुरू करायचं. सतरंजी कुणी आणली तर त्याला माझ्या नावाने हाकलून द्यायचं. आईला साष्टांग नमस्कार.

लोभ आहेच, शिव्या असाव्यात, ही विनंती.

बेमखाचा,
ल्हेंदुप